बुलेट बरी की स्कूटर

आमच्या घरात तीस-पस्तीस वर्षं एकच वाद चालला. वडील फौजेतून हवालदार होऊन आले ते जुनी बुलेट घेऊनच. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, शाळेत मास्तर. त्यांच्याकडे हातानं गिअर टाकायची स्कूटर. आष्ट्याहून सांगलीला कोण आधी पोचतं, यावर दोघं सत्तरी ओलांडली तरी तावातावानं भांडायचे. खरं सांगायचं तर बुलेट पळायची जोरात, पण तेवढाच वेळ किका मारण्यात जायचा, त्यामुळे दोघं साधारण एकदमच पोचायचे. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर दोघांनी मिळून मलाच झापलं.

गेल्या वर्षी आईनं आणखी एक म्हैस घेतली आणि शेडमध्ये एकाच गाडीपुरती जागा उरली. निवाडाही तिनंच केला. स्कूटरवर पायापाशी पेंडीचं पोतं मावतं, बुलेटवर दोन माणसं सोडून काही मावत नाही. तेव्हा बुलेट विकायची. वडील रोज सकाळी तासतासभर गाडी पुसत बसायला लागले. मला ते बघवेना.

शिरवळहून गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस. वडील मान खाली घालून बसलेले, आणि काका एकदम पुढं सरसावले.

"आवं, कशाला ही ब्याद घेताय? गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. ब्रेक म्हणून गिअर दाबाल आन् थेट उसात जाल. किक उलटी आली तर मांडी मोडतीया!"

इतक्या वर्षांची टवाळी काका आज गाडी वाचवायला वापरत होते. मला कळलं, वडिलांना कळेना. ते ताडकन उठले.

"खोटं बोलतोय त्यो! वाईचा घाट एका दमात चढलीया ही, डबलशीट!"

गिऱ्हाईकाचा हात खिशाकडे गेला. काकांनी कपाळावर हात मारला. बुलेट विकायला काढणारी आईच आतून ओरडली, "आवं, जरा गप बसा की!" तेव्हा कुठं वडिलांच्या डोक्यात उजेड पडला.

"तसं बघाया गेलं तर," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "स्कूटरच बरी. पयल्यापास्नंच बरी हुती."

मी चाटच पडलो. गिऱ्हाईक मात्र व्यवहारी निघालं. "मग स्कूटरच द्या," ते म्हणालं.

वडील "न्हाई, न्हाई" म्हणेपर्यंत काकांनी चावी काढून दिलीसुद्धा.

स्कूटर गेली. वडील गोठ्यात जाऊन बसले ते जेवायला उठेनात. शेवटी काकाच ताट घेऊन आत गेले.

"आरं येड्या, मी खोटं बोललो हुतो," वडील म्हणाले.

"ठावं हाय," काका म्हणाले. "जेव आता."