ब्रेडाची मॅच आणि पनवती बाप

मी आयुष्यात बास्केटबॉलचा एकही सामना हरलेलो नाही, कारण मी तो कधी खेळलेलोच नाही. माझ्या मुलीचा संघ मात्र माझ्यामुळे चार सामने हरला, यावर गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात संपूर्ण एकमत झालं होतं.

मुलगी म्हणजे इरा. वय एकोणीस, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आणि कॉलेजच्या मुलींच्या संघात सात नंबर. आम्ही शेजारीच फेल्डहोवनला राहतो. एका बुधवारी ती दारातूनच ओरडली, "बाबा! मी स्टार्टिंग फाइव्हमध्ये आहे! शनिवारी, ब्रेडाविरुद्ध! तू येणार ना?"

"म्हणजे काय! येणारच!" मी म्हणालो. ब्रेडाचं कॉलेज म्हणजे यांचे हाडवैरी. बाकीच्या संघांशी या मुली बास्केटबॉल खेळतात, ब्रेडाशी भांडण खेळतात. त्यात ती पहिल्यांदाच सुरुवातीच्या पाचांत. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की मी पहिल्या रांगेत बसणार. तिने मान डोलावली आणि फ्रिज उघडला. (एकोणिसाव्या वर्षी आनंद यापेक्षा जास्त दाखवत नाहीत.)

गुरुवारी संध्याकाळी परांजपे आला आणि माशी शिंकली.

परांजपे माझ्याच ऑफिसात आहे आणि दोन घरं सोडून राहतो. त्याची दोन्ही मुलं व्हायोलिन वाजवतात, त्यामुळे ओरडायची सगळी हौस तो इराच्या मॅचला भागवून घेतो. इरा प्रॅक्टिसला गेली होती. बायकोने, म्हणजे गौरीने, पोहे केले होते. परांजप्याने बशी बाजूला ठेवून लॅपटॉप उघडला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मिल्या, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे बघ. या सीझनला तू चार मॅचना आलास. चारही हरल्या. तू तीन आठवडे तैवानला होतास. तीनही जिंकल्या."

"अरे, योगायोग आहे तो!"

"चार अधिक तीन म्हणजे सात योगायोग?" परांजप्याने चष्मा वर केला. "आपल्या कंपनीच्या मशीनमध्ये एक बिघाड सात वेळा दिसला तर तू योगायोग म्हणून रिपोर्ट देतोस का?"

मी आशेने गौरीकडे पाहिलं. ही बाई इथे माझ्या व्हिसाच्या शेपटाला धरून आली आणि आता ऑफिसात पंचवीस डच लोकांना झापते. कसली अंधश्रद्धा घेऊन बसलात, असं ती म्हणेल अशी माझी खात्री होती. ती म्हणालीही.

"काहीतरीच काय, परांजपे! कुठल्या जमान्यात वावरता?" मग थांबून म्हणाली, "पण तरी... रिस्क कशाला घ्यायची?"

इथे आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. क्रिकेटची भागीदारी जमली की आमच्याकडे जो जिथे असेल तो तिथेच राहतो. माझा एक मामा अशा वेळी दोन तास बाथरूमच्या दारात उभा होता, आणि ज्यांना आत जायचं होतं त्या काकांनीही देशासाठी हूं की चूं केलं नाही! अशा रक्ताच्या माणसाने कोणत्या तोंडाने वाद घालायचा? आतून मलाही ते पटायला लागलं होतं.

"मी शेवटच्या रांगेत बसतो," मी म्हणालो.

"ऑक्टोबरात बसला होतास. हरल्या," परांजपे म्हणाला.

"डोळे मिटून बसतो."

"नोव्हेंबरात अर्धी मॅच झोपला होतास. हरल्या."

तासभर चर्चा चालली. ब्रेडाची उंच सेंटर-खेळाडू कशी अडवायची, त्यांची ती केस पिवळे केलेली पोरगी डावीकडूनच कशी शिरते, यावर मिळून पाच मिनिटं गेली. उरलेली पंचावन्न मिनिटं माझं काय करायचं यावर. शेवटी निकाल लागला: मी यायचं नाही. इराला सांगायचं की मशीन बंद पडलंय आणि बाबाला शनिवारी ऑफिसला जावं लागतंय.

हे तिला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

"ओके बाबा," ती म्हणाली. "इट्स फाइन." आणि बूट न काढताच वर गेली. बूट काढून वर जावं म्हणून मी या मुलीवर पंधरा वर्षं ओरडतोय, पण त्या दिवशी मी तिला तशीच जाऊ दिली. मला माझीच इतकी लाज वाटली की मी उगाच भांडी घासायला घेतली.

शनिवारी दुपारी गौरी आणि परांजपे गाडीने गेले. मी अर्धा तास सोफ्यावर बसलो, वीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या आणि परांजप्याला फोन केला.

"मी हॉलच्या बाहेर उभा राहिलो तर?"

पलीकडे कुजबुज झाली. गौरीचं मत विचारलं गेलं. "छताखाली यायचं नाही," परांजपे म्हणाला. "सायकल स्टँडपर्यंत अलाउड."

मी आठ किलोमीटर उलट्या वाऱ्यात सायकल मारत गेलो. भुरभुर पाऊस होताच. सायकल स्टँडमध्ये उभा राहून आतला आरडाओरडा ऐकत होतो, पण कोण ओरडतंय ते कळेना. परांजपे मेसेज करणार होता. पहिला आला: "सुरू." दुसरा आला: "अरे देवा." त्यानंतर त्याचा पत्ताच नाही!

आता बापाने काय करावं? भिंतीला वर एक खिडकी होती. मी सायकल भिंतीला टेकवली, कॅरिअरवर चढलो आणि गजाला धरून आत डोकावलो. नेमकी इरा फ्री थ्रो घेत होती. समोर कोणी अडवायला नसतं, नुसता नेम धरून टाकायचं. तिने टाकला. रिंगला लागून बाहेर!

मी झटकन डोकं खाली घेतलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा वर केलं. ब्रेडाची बास्केट! पुन्हा खाली. पुन्हा वर. पुन्हा ब्रेडा! बोर्डावर ब्रेडा चौदा पॉइंटांनी पुढे. आणि तेवढ्यात मला पहिली रांग दिसली. गौरी, परांजपे आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर इराचं निळं जॅकेट पसरलेलं. खच्चून भरलेल्या हॉलमध्ये पोरीने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मी येणार नाही असं सांगूनसुद्धा.

माझे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी कॅरिअरवर उभं राहू नये, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाय सटकला. माझी सायकल शेजारच्या सायकलवर पडली, ती पुढच्या सायकलवर, ती तिच्या पुढच्या, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्खी रांग खडखडत आडवी झाली. शेवटी मी. (एक घंटी नंतर बराच वेळ वाजत होती.)

हॉलची केअरटेकर धावत आली. साठीची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिने आधी सायकली पाहिल्या, मग मला. डच लोकांच्या रिवाजाप्रमाणे तिने सायकलींची चौकशी आधी केली.

मग म्हणाली, "तुम्ही खिडकीतून मुलींकडे बघताय?"

"माझी मुलगी आहे आत! सात नंबर!" मी घाईघाईने माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं. "मला आत जायला मनाई आहे!"

तिचा चेहरा एकदम कडक झाला. "कोणाची? कोर्टाची?"

"नाही हो. परांजप्यांची!"

मग मी तिला सगळं सांगितलं. चार मॅच, तैवान, मामा, बाथरूम. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने फक्त विचारलं, "तुम्ही इंजिनिअर आहात?" आणि माझी बाही धरून मला दारातून आत नेलं.

आत टाइमआउट चालू होता, त्यामुळे सगळ्यांना माझ्याकडे बघायला भरपूर वेळ होता. केसांतून पाणी गळतंय, गालाला चेनचं काळं ऑइल, एका हाताला केअरटेकर. परांजप्याने कपाळाला हात लावला. इराने वळून पाहिलं.

मी तिथूनच ओरडलो, "मशीन सुरू झालं गं!"

ती हसली. अशी हसली की कोचनेही वळून पाहिलं. मी जॅकेट मांडीवर घेऊन माझ्या खुर्चीवर बसलो, आणि मग काय खेळल्या त्या! चौदाचे नऊ झाले, नवाचे चार झाले. परांजपे माझ्या कानात पुटपुटत होता, "हलू नकोस. श्वाससुद्धा बेतानेच घे." शेवटच्या सेकंदाला इराने लांबून चेंडू फेकला. सगळा हॉल उभा राहिला.

एका पॉइंटने हरलो.

"आत आला नसतास तर..." परांजप्याने सुरुवात केली.

"बाहेर होता तेव्हा चौदाने हरत होत्या!" गौरी त्याच्यावर कडाडली. जन्मात पहिल्यांदा तिने माझी बाजू घेतली, तीही मी चिखलात माखलेला असताना!

इरा आली. नाक लाल, डोळे लाल. सरळ येऊन तिने माझ्या ओल्या खांद्यावर डोकं टेकवलं. मला राहवलं नाही. "इरा, मशीन वगैरे काही नव्हतं. मी आलो की तुम्ही हरता, म्हणून..."

"आय नो, बाबा. परांजपे काकांनी ते हार-जितीचं टेबल आमच्या सपोर्टर्स ग्रुपवर टाकलं होतं."

"मग जागा कशाला धरलीस?"

"कारण हरल्यावर तू लागतोस," ती म्हणाली. "आई फक्त व्हिडिओ काढते." मग तिने डोकं वर केलं. "अँड बाबा, तुझ्यामुळे काही होत नाही. त्या चार टीम्स आमच्यापेक्षा चांगल्या होत्या. दॅट्स ऑल."

मी तिला घट्ट जवळ घेतलं. फार बरं वाटलं. पण खरं सांगू का, थोडं वाईटही वाटलं. खेळाच्या जगात माझ्या नावावर एवढं एकच कर्तृत्व होतं हो!