वन्सं आणि भोकांचं खोकं

दिल्लीतल्या यच्चयावत जखमी पाखरांना आमच्या वन्संचा मोबाइल नंबर पाठ असावा, अशी माझी पक्की खात्री आहे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहतात, ऑफिसात फायली हलवतात आणि उरलेल्या वेळात स्वतः हलतात. बूड म्हणून टेकत नाही बाईंचं! आमच्याकडे मयूर विहारला आल्या तरी चपला पायातच, चहाचे दोन घोट उभ्याउभ्याच, तेवढ्यात फोन वाजलाच. कुठे पतंगाच्या मांज्यात घार अडकलीय, कुठे खारीचं पिल्लू पडलंय. "चलो, मी निघते," की बाई पसार. त्यांचा कप रिकामा झालेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेला नव्हता.

आणि ते खोकं! सरोजिनी नगरमधून आणलेलं जोड्यांचं खोकं, झाकणाला भोकं पाडलेलं, सदैव काखेत. मेट्रोत ते तपासणीच्या एक्स-रे मशीनमध्ये घालायला सांगतात, म्हणून वन्सं ऑटोनेच फिरतात. "मैडम, इसमें क्या है?" असं ऑटोवाल्याने विचारलं की उत्तर ठरलेलं, "मरीज़ है भैया, गड्ढे बचा के चलो." एकदा आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या आणि खोकं नेमकं वाणाच्या डब्यांशेजारी ठेवून हात धुवायला गेल्या. गडबडीत मी तेच उचलून एका पाहुणीच्या हातात दिलं. ती बिचारी हळूच म्हणाली, "अहो, तुमचं वाण हलतंय." आत पंख फाटलेलं वटवाघूळ! जो काय गोंधळ उडाला म्हणता! वन्सं धावत आल्या आणि डाफरल्या माझ्यावरच, "अगं, घाबरलं ना ते!" पुढच्या संक्रांतीला निम्म्या बायकांनी वाण कानाशी हलवून मगच पिशवीत टाकलं.

पण गेल्या उन्हाळ्यात बाई पेचात सापडल्या. आमच्या सोसायटीतल्या कडुनिंबाच्या ढोलीतून पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलं. मुठीएवढं घुबडच ते, नुसते डोळे. खाली मांजर टपलेलं. मी फोन केला, खोकं हजर! पण पक्ष्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, "चोट नहीं है तो उठाके मत लाइए. टोकरी में रखिए, पेड़ पर बाँधिए और दूर बैठिए. माँ आएगी." चौकीदाराची शिडी लावून टोपली बांधून झाली. आता फक्त दूर बसायचं. नेमकं तेच तर वन्संना येत नाही!

बाल्कनीत खुर्ची दिली, चहा दिला. पण बाई बसतायत कसल्या? उठत, कठड्यावरून वाकत, कावळ्याला हाड्हाड् करत, परत टेकत. मलाच गरगरायला लागलं. "अहो वन्सं, येईल ना त्याची आई!" मी वैतागून म्हटलं.

"नाही येत गं," त्या एकदम म्हणाल्या. "आई दवाखान्यातून येईल म्हणून बाळ्याला कडेवर घेऊन मी रोज फाटकाशी उभी राहायचे. आली का?"

बाळ्या म्हणजे आमचे हे. सासूबाई हे अगदी लहान असताना गेल्या, एवढं मला ठाऊक होतं. फाटकाचं कुणी सांगितलं नव्हतं.

दिवेलागण झाली तशी वन्संनी खोकं उचललं. "बस झालं. भुकेनं मरेल ते. मी नेते त्याला."

"थोडं थांबा," मी त्यांचा हात घट्ट धरला. "माझ्यासाठी." तेवढ्यात झाडात चिरचिर झाली आणि पिंगळी चोचीत किडा घेऊन टोपलीच्या काठावर उतरली. पिल्लानं हा एवढा आ वासला. वन्सं मटकन खुर्चीत बसल्या.

हे ऑफिसातून आले, ते बघतच राहिले. "ताई, आज चक्क बसलीस?"

"आली रे बाळ्या," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या.

"कोण आली?"

"त्याची आई." आणि त्यांनी तो पार गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

पिल्लू केव्हाच उडून गेलं. वन्सं आजही खोकं घेऊन दिल्लीभर तशाच पळत असतात. कधीतरी मात्र संध्याकाळच्या नुसत्याच येतात, चपला काढतात आणि बाल्कनीत बसून झाडाकडे बघत राहतात. मी मुकाट्याने चहा आणून ठेवते आणि त्यांचा फोन वाजू नये म्हणून देव पाण्यात घालून बसते.