खराब - घरातला आवाज

वहिनी गेल्यावर काही आठवड्यांनी चिमीचा फोन आला. चिमी म्हणजे माझ्या दादाची एकुलती एक लेक. लग्न होऊन परदेशात गेली ती तिथलीच झाली. फोन स्पीकरवर होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती दादाला म्हणाली, "बाबा, आईचा आवाज पाठवा ना मला. बोलताना, गुणगुणताना, कसाही चालेल. तुमच्याकडे एवढं सगळं साठवलेलं आहे, त्यात आई असेलच."

"असेल की," दादा म्हणाला. "काढून ठेवतो."

मी तिथेच भाजी निवडत बसले होते. कपाटातून टॉवेल काढून द्यायचाय इतक्या सहजपणे दादा उठला आणि कम्प्युटरपुढे जाऊन बसला. त्याचं काय चुकलं म्हणा. जन्मभर त्याने हेच तर केलं होतं. एका मोठ्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. कुणी खिडकीशी येऊन एखादा नट मागितला की हा न उठता सांगायचा, उजवीकडचं कपाट, वरचा खण. माणूस मोठा सरळ, पण टापटिपीचा असा की जीव नकोसा व्हावा. त्याच्या घरी मी चहा प्यायले तरी कप परत ठेवताना कान कुठे करायचा ते तो सांगायचा.

त्याला नाद एकच, गाण्यांचा. रेडिओवर गाणी लागायची आणि हा ती टेपवर उतरवून घ्यायचा. दोन्ही यंत्रं जोडायची वायर आणायची कायम राहून जायची, म्हणून टेबलावर रेडिओ आणि त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर असे दोघे तोंडाला तोंड लावून बसलेले असत. टेपरेकॉर्डरचा लाल दिवा लागला की घरात सगळ्यांनी गप्प. मी कॉलेजात होते आणि दादाकडेच राहायचे, त्यामुळे मीही त्यात आले. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. दार वाजलं तर उघडायचं नाही. एकदा शेजारच्या काकू बाहेर ताटकळून निघून गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

पण वहिनीला हे जमायचं नाही. तिचा गळा काही फार गोड होता अशातला भाग नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती गुणगुणायची आणि गाणाऱ्याच्या नेहमी एक पाऊल पुढे असायची. ओळ तिकडे सुरू व्हायच्या आत हिची झालेली! दादा खुणा करायचा, डोळे वटारायचा, शेवटी टेप थांबवून ओरडायचा, "अगं, त्या बिचाऱ्याला गाऊ तरी दे आधी!"

"मग त्याने लवकर म्हणावं," वहिनी आतून म्हणायची. मी हसून लोळायचे.

असं किती दिवस चालणार? घरात दुसऱ्याचा हट्ट मोठा असला की आपण आपला आवाज कमी करतो. वहिनीनेही केला. पुढे पुढे लाल दिवा दिसला की ती आपोआप ओठ मिटून घ्यायची. चिमीच्या बालपणी तर ती तिलाही तोंडावर बोट ठेवून दाखवायची. मला त्याचा राग यायचा, तेव्हाही यायचा आणि आजही येतो. वहिनीला मात्र तो कधी आलेला मी पाहिला नाही.

दादा निवृत्त झाला तेव्हा चिमीने त्याला कम्प्युटर घेऊन दिला आणि गाणी लावायचा एक प्रोग्रॅम घालून दिला. झालं, दादाचं स्टोअर पुन्हा उघडलं. एकेक कॅसेट लावून त्याने सगळी गाणी कम्प्युटरमध्ये घेतली. मग टॅग. गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, साल, वाद्य, प्रकार. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. प्रकारावरून तर तो माझं डोकं खायचा. मी भरल्या बाजारात असले तरी फोन करायचा.

"अंगाईगीत आहे, पण बाई रडत म्हणतेय. कुठे घालू? लहान मुलांची की दुःखी?"

"पोर झोपलं का त्यात?"

"ते कसं कळणार?"

"मग दोन्हीकडे घाल."

"एक वस्तू दोन खणांत नसते," असं म्हणून तो फोन ठेवून द्यायचा.

शेवटी त्याने त्या गाण्यासाठी 'रडकी अंगाई' असा वेगळा प्रकार केला. त्यात ते एकच गाणं होतं. वहिनी म्हणाली, "ह्यांना बाईच्या रडण्याचाही एक खण लागतो," आणि आम्ही दोघी पोटभर हसलो.

ह्याच कामात त्याने आणखी एक टॅग केला. ज्या गाण्यात मध्येच भांडं पडलंय, चिमी किंचाळलीय किंवा वहिनी गुणगुणलीय, त्या प्रत्येकाला त्याने लिहिलं, 'खराब - घरातला आवाज'. कारखान्यात सदोष मालाला लाल चिठ्ठी लावायचा, तसंच हे. अशी गाणी बरीच निघाली, कारण वहिनी शहाणी व्हायच्या आधीची वर्षंही काही थोडी नव्हती.

पुढे त्या प्रोग्रॅममध्ये नवीन सोय आली. तो गाणं ऐकून ओळखायचा आणि इंटरनेटवरून त्याच गाण्याची स्वच्छ प्रत आणून जुनीच्या जागी बसवायचा. दादाला तर स्वर्ग दोन बोटं उरला. एकेक गाणं शोधायचीही गरज नव्हती, टॅग होताच की! त्याने 'खराब' टॅग निवडला, तेवढीच गाणी एका बाजूला आली, आणि एका बटणात सगळी बदलून टाकली. मी त्या दिवशी तिथे होते. वहिनी चहा घेऊन आली होती. पडद्याकडे बघून ती म्हणाली, "खराब म्हणजे मीच ना हो?"

"तूच. आणि तुझी भांडी," दादा म्हणाला. तीही हसली, मीही हसले.

मग कॅसेटी भंगारात गेल्या. पिशवीचं तोंड वहिनीनेच धरलं होतं. घर मोकळं झालं, म्हणाली.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण चिमीच्या फोननंतर दादा कम्प्युटरपुढे बसला तेव्हा त्यालाही हे आठवत नव्हतं. त्याने सवयीने 'खराब' टॅग शोधला. यादीत काहीच आलं नाही. बदललेल्या गाण्यांचे टॅगही त्याने तेव्हाच स्वच्छ केले होते. मग त्याने एक गाणं लावलं, ज्यात वहिनी हमखास होती. कडव्याच्या आधी तिची घाई यायला हवी होती. कडवं आलं आणि संपलं. आवाज इतका स्वच्छ की गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. त्याने दुसरं लावलं, तिसरं लावलं. मी भाजी तशीच टाकून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. दादाचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी तो कम्प्युटर पोटाशी धरून दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की त्याच जागेवर नवं लिहिलं गेलंय, आता ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. दादाने दुसरी डिस्क पुढे केली. स्टोअरकीपरच तो, प्रत्येक गोष्टीची जोड ठेवायचा. पण ती डिस्कही दर आठवड्याला पहिलीसारखी हुबेहूब करायची, असा त्याचाच नियम होता. दोन्हीकडे सारखंच होतं आणि दोन्हीकडे वहिनी नव्हती.

मोबाइलमध्ये काही असेल म्हणून मी माझा आणि त्याचा, दोन्ही फोन पालथे घातले. चिमीच्या लग्नाचे व्हिडिओ पाहिले. वहिनी आहे, छान हसतेय, पण फोन समोर आला की ओठ मिटतेय. एका ठिकाणी तर शेजारणीशी बोलता बोलता तिचं लक्ष फोनकडे जातं आणि अर्ध्या शब्दावर ती थांबते. फोनला कुठला लाल दिवा? पण इतक्या वर्षांची सवय तिच्या हाडांत मुरली होती. शेजारीणच तेवढी बोलत राहते. मी तो व्हिडिओ दादाला दाखवला नाही.

शेवटी 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरमध्ये एक फाइल सापडली. दादाच्या साम्राज्यात टॅग नसलेली ती एकटीच. प्रोग्रॅमला ती ओळखता आली नव्हती, कारण तिच्यात गाणंच नव्हतं. कधीतरी रेडिओवर कुठलं तरी दुर्मीळ गाणं लागणार होतं, दादाने आधीच टेप सुरू केली होती आणि नेमकं स्टेशन गेलं होतं. आत्ता येईल, मग येईल म्हणून टेप संपेपर्यंत त्याने खरखर उतरवून घेतली होती.

आम्ही ती दोघांनी ऐकली. पहिल्यांदा दादाचा तरुण आवाज आला, "शू! आता अजिबात गुणगुणायचं नाही हं." मग नुसती खरखर. मी डोळे मिटले, तर ती दुपार माझ्यासमोर उभी राहिली. मी पलंगावर बसले होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पातेल्याचं झाकण हातात धरून उभी होती. ठेवलं तर वाजेल म्हणून तिने ते टेप संपेपर्यंत तसंच धरलं होतं. मी दादाला हे सांगितलं. त्याने फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली आणि झाकण वाजतंय का ते कान देऊन ऐकलं. वाजलं नाही.

मग त्याने टॅगचा चौकोन उघडला. गायकाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'ही'. लग्न झाल्यापासून चारचौघांत तो तिला एवढंच म्हणायचा. प्रकाराच्या रकान्यात बराच वेळ बोट अडखळलं. तो त्याने रिकामा सोडला आणि फाइल चिमीला पाठवून दिली. मी म्हटलं, "दादा, नको रे." त्याने ऐकलं नाही.

संध्याकाळी चिमीचा फोन आला. दादाने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी शेवटपर्यंत ऐकलं. कानाला लावून ऐकलं. यात आई कुठे आहे? यात तर फक्त तुम्ही बोलताय."

"आहे गं ती त्यात," दादा म्हणाला. "मी बोलू नको म्हटलं होतं ना, म्हणून बोलत नाहीये."