यशूसाठी शाळा बघायला: जळकोट, इस्लापूर, देगलूर

प्रमोशनचं पत्र मिळालं त्या दिवशी मी बँकेत पेढे वाटले आणि घरी येऊन रडले. पत्रात तीन शाखांची नावं होती: जळकोट, इस्लापूर आणि देगलूर. पसंतीक्रम आठ दिवसांत कळवायचा होता.

लातूर सुटण्याचं एवढं काही वाटत नव्हतं. प्रश्न यशूचा होता. यशू आमची मुलगी, वय वर्षे सहा, जूनमध्ये पहिलीत जाणार. घरी तिची टकळी थांबत नाही, पण शाळेचं फाटक ओलांडलं की, किंवा अनोळखी कुणी समोर आलं की, तोंड बंद. बालवाडीची दोन वर्षं संपत आली तरी तिथल्या मॅडमनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, कान चांगले, घसा चांगला, वेळ द्या.

माझे यजमान संदीप लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ तयार करतात. कॉम्प्युटर असला की त्यांचं काम कुठूनही होतं. तरी ते म्हणाले, "तू जा. शनिवारी येत जा. यशू इथंच राहू दे माझ्याजवळ. अगं, लोक तालुका सोडून शाळेसाठी लातूरला येतात. आपण उलटं निघायचं का?"

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून गुरुजी म्हणून निवृत्त झालेत. ते तिथंच बसून शेंगा सोलत होते. वर न बघता म्हणाले, "संदीपराव, लुगडं घेताना बाईमाणूस हात लावून बघतंय. शाळा न बघताच नापास करून राहिले व्हय तुम्ही?"

झालं. गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली, शनिवार बँकेच्या सुट्टीचाच होता, आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघं आमच्या जुन्या गाडीतून निघालो.

गुरुवार: लातूर ते जळकोट, मुक्काम नांदेड

सहाला निघालात तर चाकूरला नाष्ट्याच्या वेळेत पोचता. स्टँडजवळच्या टपरीवर भिजवलेल्या मुरमुऱ्यांची गरम सुशीला मिळाली, वर शेव आणि कच्चा कांदा. चौघांचं पोट दीडशेत भरलं. शिरूर ताजबंदपर्यंत रस्ता छान आहे, पुढं जळकोटकडं वळल्यावर मात्र खड्डे चुकवण्यात संदीपचं बोलणं बंद झालं. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांनी भरलेला होता. एका शेतातल्या आजीनं यशूला ढाळे दिले आणि तिनं गाडीभर टरफलं केली.

शाळांची नावं मी लिहिणार नाही. जळकोटजवळची ही पहिली शाळा लांबूनच चमकत होती. कमान, फुलझाडं, भिंतीभर रंगवलेले पाढे, वर्गात मोठा स्क्रीन. संदीप मला हळूच म्हणाले, "अगं, ही तर आपल्या लातूरच्या शाळेपेक्षा भारी आहे." मुख्याध्यापकांनी चहा मागवला, फाइली काढल्या. मुलांनी उभं राहून एका सुरात स्वागत केलं.

बाबांनी तिसरीच्या वर्गात एवढंच विचारलं, "लेकरांनो, आज सकाळी काय खाल्लं ते पाटीवर लिहा बरं."

सगळ्यांनी लिहिलं. बाबा पाट्या बघत गेले. पहिल्या पाटीवर 'मी सकाळी दूध व पोळी खाल्ली'. दुसऱ्या पाटीवर तेच. तिसऱ्या पाटीवरही तेच, आणि अक्षर सगळ्यांचं मोत्यासारखं. शेवटच्या बाकावरच्या मुलीला बाबांनी वाकून विचारलं, "खरंच पोळी खाल्ली का गं, माय?"

ती कुजबुजली, "न्हाई. शिळी भाकर आन् ठेचा. पण तसं लिवायचं नसतंय."

बाबा हसले. निघताना त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "सर, वाचता न येणारी लेकरं किती?"

"एकही नाही! शंभर टक्के वाचतात."

गाडीत बसल्यावर संदीप म्हणाले, "मामा, एवढी चांगली शाळा, आणि तुमचं तोंड का उतरलं?"

बाबा म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवलं. वर्गात अडखळणारं एकबी लेकरू न्हाई, असा वर्ग मला कधी मिळाला न्हाई. ती लेकरं हायत तिथं, पण त्यांच्याकडं कुणी बघत न्हाई."

संदीपना ते पटलं नाही. नांदेड येईपर्यंत दोघांचा वाद चालला. नांदेडला स्टेशनजवळ साधा, स्वच्छ लॉज घेतला आणि गुरुद्वाऱ्यात दर्शन करून लंगरमध्ये जेवलो. डाळ, रोटी, खीर. वाढणाऱ्या आजोबांनी यशूला विचारलं, "और एक?" तिनं दोन बोटं दाखवली. शब्द नाही. संदीपनी माझ्याकडं बघितलं. त्या शाळेत आमच्या यशूकडंही कुणी बघणार नाही हे त्यांना कळलं आणि बाबांशी चाललेला वाद तिथंच संपला.

शुक्रवार: इस्लापूर आणि पळसाचं रान

नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत इस्लापूरला जायला अडीच-तीन तास धरा. हिमायतनगर सोडलं की रानं सुरू होतात, आणि फेब्रुवारीत पळस असा पेटलेला असतो की संदीपनी चार वेळा गाडी थांबवली. सहस्रकुंडचा धबधबा बघायचा असेल तर मात्र पावसाळ्यात किंवा पाऊस सरता सरता या. आत्ता काळ्या कातळावरून पाण्याच्या चार-पाच धारा पडत होत्या. आम्हाला तेवढंही पुरलं. यशू ओल्या दगडावर पाय सोडून बसली आणि पाण्याशी भरपूर बोलली.

इथली शाळा रानाच्या कडेला, तीन खोल्यांची. शिकवणाऱ्या ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या, वय तिशीच्या आत. मुलं पळसाची फुलं पाण्यात भिजवून रंग करत होती आणि कुठल्या बाटलीतला रंग जास्त गडद यावर हमरीतुमरी चालली होती. ताईंनी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून घेतल्या होत्या. किती फुलं, किती पाणी, किती वेळ, सगळं मुलांच्याच अक्षरात, चुकांसकट. बाबा एकेक चिठ्ठी वाचत अर्धा तास तिथंच रमले.

वाचता न येणारी किती, हाच प्रश्न त्यांनी इथंही विचारला. ताई लगेच म्हणाल्या, "तिघं आहेत. त्यातल्या दोघांच्या घरी गोंडी बोलतात. माझीच गोंडी कच्ची आहे, म्हणून उशीर होतोय. चूक त्यांची नाही."

मला वाटलं, झालं, शाळा सापडली. यशू पण बाटल्यांच्या घोळक्यात शिरली होती, गप्पच, पण कोपरापर्यंत केशरी होऊन. आम्ही खिचडी खायला मुलांच्या पंगतीत बसलो. तिथंच ताईंनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, तुम्ही मुलीसाठी बघताय म्हणून सांगते. माझी बदली मंजूर झाली आहे. जूनला मी इथं नसेन. माझ्या जागेवर कोण येईल मला माहीत नाही. गावाला अजून सांगितलं नाही, धीर होत नाही."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांना ते लपवता आलं असतं. आम्ही आनंदानं इस्लापूर निवडलं असतं आणि जूनमध्ये हात चोळत बसलो असतो. मी त्यांचा हात धरला. ताट धुवायला आलेल्या बाबांनी ते ऐकलं होतं, ते पुढं झाले. "ताई, चिठ्ठ्या करायचं लेकरांना शिकवलंत ना? मग गावातल्या चार शिकलेल्या पोरींना आत्तापासूनच हाताशी घ्या. नवा माणूस आला तर त्याला त्याच शिकवतील." ताईंनी डोळे पुसले आणि तिथंच फळ्याच्या कोपऱ्यात तीन नावं लिहिली. गाडी निघाली तेव्हा त्या फाटकात उभ्या राहून हसत हात हलवत होत्या.

शनिवार: देगलूर

नांदेडला पुन्हा मुक्काम करून पहाटेच निघालो, कारण शनिवारी शाळा सकाळची. नायगाव, नरसी करत देगलूर दोन तासांवर आहे. बाजारपेठेत शिरलात की कानांची मजा सुरू. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, नोकराशी दखनीत आणि आमच्याशी मराठीत. इडली-वडा आणि चहा घ्याच.

शाळा गावाच्या जरा बाहेर होती. खरं सांगते, बघून मन खट्टू झालं. एका खोलीच्या भिंतीला मोठी चीर, रंग उडालेला. संदीप म्हणाले, "उतरायचं तरी का?"

पण संडास धुतलेला होता, मुलींच्या संडासाला आतून कडी होती आणि नळाला पाणी होतं. बाबा आधी तिकडंच गेले, आणि परत येताना त्यांची चाल बदललेली होती.

इथले शिक्षक शेख सर पन्नाशीचे, याच गावचे. त्यांच्या वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान. अंगणात भलं मोठं चिंचेचं झाड, खाली गाभुळलेल्या चिंचांचा सडा आणि त्यावर बसलेली मुलं. शनिवारी दप्तर नसतं.

"बोला, हे काय?" सरांनी चिंच वर धरली.

"चिंच!" "इमली!" "चिंतपंडु!" "हुणसेहण्णु!"

"कुणाचं बरोबर?"

"समद्यांचं!" मुलं ओरडली. कोपऱ्यात बसलेली यशू खुदकन हसली. शाळेत हसताना मी तिला पहिल्यांदा बघत होते.

बाबांनी आपला प्रश्न विचारला. शेख सरांनी लगेच ओळखलं. म्हणाले, "सर, तुम्ही मास्तर व्हता, हाव ना? पाच हायत. एक जोडाक्षराला अडतो. दोघी भैनी हंगामात ऊसतोडीला जातात, आल्या की मागचं पुन्हा घेतो. एकाला चष्मा पायजे, बाप ऐकत न्हाई, उद्या पुन्हा घरी जाणार हाय. आन् एकाचं अजून मला कळालं न्हाई. बघून राहिलोय."

बाबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही.

मी यशूचं सांगितलं. सर म्हणाले, "बोलंल की. घाई कुणाला हाय? दोन वर्षं ऐकलंय तिनं, म्हणजे माल लई साठला आसंल." आणि तिच्याकडं न बघताच ओरडले, "चला, लगोरी!"

फरशीचे तुकडे रचले गेले. यशूला कुणी विचारलं नाही, नुसतं एका मुलीनं हाताला धरून ओढलं. ती पळाली, वाकली, एक तुकडा ठेवला, दुसरा ठेवला. मागून चेंडू आला.

"औट! नवी पोरगी औट!"

यशू गर्रकन वळली. "नाही! मी औट नाही! मला लागलाच नाही, फ्रॉकला लागला!"

माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. संदीप खुर्चीवरून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले. शेख सरांनी आम्हाला डोळ्यानंच बसवलं आणि खेळ थांबवून मुलांना विचारलं, "फ्राकला लागला तर औट का न्हाई? बोला."

मग जे झालं त्याला मी सभाच म्हणेन. एक मुलगा म्हणाला, फ्राक अंगावर हाय म्हणजे अंगच. यशू म्हणाली, मग केस पण अंगच का? रिबीन पण? एक मुलगी तिच्या बाजूनं उभी राहिली, म्हणाली, मुलांना फ्रॉक नसतोय, म्हणून मुलीच जास्त औट होत्यात, हे बरोबर न्हाई. शेवटी हात वर करून मत घेतलं. यशू दोन मतांनी हरली. औट होऊन बाहेर बसली आणि शेजारच्या मुलीशी शाळा सुटेपर्यंत बोलत राहिली.

संदीप झाडाच्या मागं जाऊन आले. डोळे लाल होते. आल्यावर त्यांनी शेख सरांना विचारलं, "सर, इथं भाड्यानं घर मिळंल का? इंटरनेट चांगलं पाहिजे."

"मिळंल की. पण सर, ती भिंत बघितली का?"

"बघितली. तुमच्या शाळा समितीत पालक घेतात ना? मग भिंतीचं बघू आपण."

परत घरी

देगलूरहून उदगीरमार्गे लातूर सरळ आहे. रस्ताभर यशू फ्रॉकच्या नियमावर आजोबांशी भांडत होती.

रविवारी मी अर्ज भरला. पहिली पसंती देगलूर. तुम्हीही शाळा बघायला निघणार असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मुलांचे फोटो काढू नका आणि रंगाला फार भाव देऊ नका. मला स्वतःला अजून धाकधूक आहे. शेख सरही कधीतरी बदलून जातील, ऑर्डर दुसरीकडची येईल, नवीन गावात यशू पुन्हा गप्प होईल. असं काहीही होऊ शकतं. पण आम्ही तिघांनी एकत्र राहायचं की नाही हा प्रश्न आता घरात कुणी काढत नाही.

सोमवारी दुपारी तिच्या आत्ताच्या शाळेतून फोन आला. मॅडम जवळजवळ ओरडतच होत्या. "ताई, काय केलंत हो तुम्ही? यशू आज वर्गात उभी राहिली. चिंचेला चार नावं असतात म्हणाली, चारही सांगितली, आणि आता खाली बसायलाच तयार नाही!"