हनीफभाईंची पॅडलं

फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार, दुपार. महाडच्या बाजारपेठेतल्या माझ्या औषधांच्या दुकानात हजर: मी, खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एक बाई, आणि रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले बापूशेठ सोनार. फोन वाजला. पलीकडे हनीफभाईंच्या पत्नी जुबेदाभाभी होत्या. "वसुधा, तुझे हनीफभाई गेले गो... जेवून आडवे झाले, ते उठलेच नाय." मी बाटली कागदात गुंडाळली, दिवसातून तीन वेळा घ्या म्हणून बाईंना सांगितलं, आणि मगच स्टुलावर बसले. बापूशेठनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. हातातली गोळ्यांची पट्टी त्यांनी खिशात ठेवली. मग म्हणाले, "आता माझ्या काट्यावर प्लॅस्टिक कोण आणणार?"

सोन्याच्या काट्यावर प्लॅस्टिक का यायचं, ते सांगायला हवं. हनीफभाई आमचे शेजारी. आखातात जनरेटर दुरुस्तीचं काम करून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कायमचे परत आले. परतणारी माणसं टीव्ही आणत, ब्लँकेटं आणत, अत्तरं आणत. हनीफभाईंनी एक लांबलचक खोकं आणलं. भाभींनी मिक्सर सांगितला होता. खोक्यातून निघालं पेट्रोलवर चालणारं, रिमोटनं उडवायचं हेलिकॉप्टर, तेही सुट्या भागांत. मला पसारा बघवत नाही. मी वही घेऊन बसले, भागांची यादी केली, डबे लावले, आणि त्या दिवसापासून आपोआप त्यांची मदतनीस झाले. उडवण्याआधी एकेक स्क्रू मी मोठ्यानं पुकारायचा आणि त्यांनी हात लावून "हाय" म्हणायचं, अशी आमची पद्धत पडली.

पहिला वाद पॅडलांवरून झाला. हेलिकॉप्टरच्या मोठ्या पात्यांपाशी एक आडवी सळई फिरते, तिच्या दोन टोकांना काड्यापेटीहून थोडी मोठी अशी दोन चपटी पानं असतात. ती पॅडलं. ती जड असली तर हेलिकॉप्टर शांतपणे एका जागी उभं राहतं. हलकी असली तर बोट हललं की उसळतं, पण मग त्याला हवेत उलटंही करता येतं. खोक्यात जड पॅडलांच्या दोन जोड्या होत्या, हलक्यांची एक. हनीफभाईंनी तिकडे वाळवंटात कुणाला तरी हेलिकॉप्टर उलटं उडवताना पाहिलं होतं, त्यामुळे त्यांचा जीव हलक्यांवर. मी म्हणाले, आधी सरळ उडवायला शिकू या. निकाल भाभींनी दिला. "जड लावा. घरात एक हलकं डोकं हाय तेवढं पुरे."

उडवायला आम्ही रविवारी हनीफभाईंच्या टेम्पोतून पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या वाटेवर जायचो. तिथे गणपतदादांचं भाताचं शेत होतं. मुलं मुंबईला, कापणी झाली की शेत मोकळं. उतरताना पॅडलं कधी धसकटांना लागत आणि एखाद्याचा टवका उडे. दोन्ही पॅडलं सारख्या वजनाची नसली तर सगळं यंत्र थरथरतं, म्हणून सोमवारी ती जोडी घेऊन आम्ही बापूशेठकडे. एवढा बारीक काटा गावात दुसऱ्या कुणाकडे असणार? बापूशेठ पहिल्यांदा चिडले. "अरे, लक्ष्मीची जागा ही. इथे खेळणी तोलायची?" पण तराजूतलं काही वरखाली झालेलं त्यांना बघवत नसे. चिमट्यानं पॅडल उचलून, चष्मा कपाळावर सारून, कानस घेऊन ते जोडी सारखी करून द्यायचे. मी पैसे विचारले की बापूशेठ आणि हनीफभाई, दोघांनाही राग यायचा.

अशी काही वर्षं गेली. मग हेलिकॉप्टर बिघडलं. म्हणजे इंजिन ठीक होतं, स्क्रू ठीक होते, पण ते आता एका जागी राहीना. डावीकडे पळे, आवरलं की उजवीकडे. गणपतदादा बांधावरून ओरडले, "भाई, याला गोचीड चावली काय रं?" हनीफभाई हसले नाहीत. परतताना टेम्पो त्यांनी मला चालवायला दिला. वाटेत हात समोर धरून बघत राहिले. रक्तात साखर निघून त्यांना वर्ष झालं होतं. "वसुधा, यंत्राला काय नाय झालं. माझाच हात गेला." मी गिअर बदलला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी हेलिकॉप्टर विकायचं ठरवलं. पाचाडचा एक खानावळवाला तयार झाला होता, त्याला ते गिऱ्हाइकांच्या डोक्यावर छताला टांगायचं होतं. माणसाला आवडीची वस्तू सोडावी लागते हे मी समजू शकते. पण डाळभाताच्या वाफेत, पंख्याशेजारी...? आणि त्याहून वाईट म्हणजे हनीफभाईंनी घरी करत असलेली रेडिओ दुरुस्तीही बंद केली. स्क्रूड्रायव्हर हातात घेईनात. भाभींनी चहाचा कप दिला तरी दोन्ही हातांनी धरायचे.

विकायचं तर सामान मोजून द्यायला हवं, म्हणून मी त्यांच्या माडीवर डबे उघडून बसले. जड पॅडलांची दुसरी जोडी अजून पाकिटातच होती. ती बाहेर काढली, तिच्यासोबत एका डब्यात ठेवायला हेलिकॉप्टरवरची जुनी जोडी सोडवली, आणि एका हातात नवं पॅडल, दुसऱ्यात जुनं आलं तशी मी थांबले. "हनीफभाई, हात पुढे करा." त्यांच्या एका तळव्यावर नवं ठेवलं, दुसऱ्यावर जुनं. त्यांनी तोलून बघितलं, मग पॅडलं अदलाबदल करून पुन्हा बघितलं. "अरे, हे तर पापड झालंय!"

तसेच बापूशेठकडे गेलो. बापूशेठना विचारलं, वजन सारखं करताना तुम्ही काय करता? ते म्हणाले, "जड असेल ते घासतो. दुसरं काय करणार? हलक्यात भर घालणारा सोनार बघितलाय का कधी?" म्हणजे एकाचा टवका उडाला की ते दुसरं घासायचे. पुढच्या खेपेला दुसऱ्याचा टवका, मग पहिलं घासायचे. जोडी दर वेळी काट्यावर सारखी, पण दर वेळी आधीपेक्षा हलकी. आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. बापूशेठना वाटलं, त्यांच्यावर चोरीचा आळ आला. त्यांनी गल्ल्याखालून एक पत्र्याची डबी काढून टेबलावर आपटली. आत पांढरा प्लॅस्टिकचा भुसा, सगळ्या वर्षांचा, कणही न सांडता जपलेला. "घ्या तुमचा माल! घासलेलं मी कुणाचंच फेकत नाही."

हनीफभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बापूशेठ, मी हा माझ्या हाताचा दोष समजत होतो हो!" मग त्यांनी दोन्ही हात काट्याच्या काचेवर ठेवले. हात स्थिर होते. बापूशेठ म्हणाले, "काचेवरून हात काढ, डाग पडतात."

त्या रविवारी नवी जोडी लावून हेलिकॉप्टर उमरठच्या वाटेवर हवेत असं उभं राहिलं की गणपतदादांनी बिडी विझवली. पाचाडच्या माणसाला मी फोन करून विकायचं नाही असं कळवलं. त्यानंतर बरीच वर्षं हनीफभाई उडवत राहिले. मलाही शिकवलं त्यांनी, जड पॅडलांवर, डोक्याच्या उंचीपर्यंत. त्यापुढे माझी मजल गेली नाही.

या फेब्रुवारीत त्यांनी हलकी जोडी डब्यातून काढून हेलिकॉप्टरला बसवली. "तेव्हा न कळत हलकी होती म्हणून घाबरलो. आता कळून लावतो. एकदा उलटं करून बघायचंय." भाभी म्हणाल्या, "उलटं झालं तर उचलून मी आणणार नाय." स्क्रू मी पुकारले, ते "हाय" म्हणत गेले. पण त्या रविवारी घाटातून वारा सुटला, आम्ही उडवलं नाही. पुढचा रविवार ठरला. मधे तो शुक्रवार आला.

परवा भाभींनी हेलिकॉप्टर माझ्या घरी पाठवून दिलं. "तू उडव. बसून गंज चढेल त्याला." बरोबर आहे त्यांचं. टाकीतलं जुनं पेट्रोल मी काढलं, पाती पुसली, रिमोटचे सेल बदलले. मला हलक्या पॅडलांवर उडवता येत नाही, तेव्हा ती काढून जड लावायला हवीत. दोन बारीक स्क्रू आहेत, काम किरकोळ आहे. तेवढं राहिलंय.