एदुविहेसबाईंची कोंबडी

पाराना नदीकाठच्या आमच्या गावात डोन्या एदुविहेस, म्हणजे एदुविहेसबाई, यांना ओळखत नाही असा माणूस नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी जन्मभर आम्हाला मसुराचं कालवण वाढलं, आणि ताटात टाकणाऱ्याच्या पाठीत पळीही घातली. नवरा गेल्यावर त्या रोज दुपारची झोप आटोपून कॅसिनोत यायला लागल्या, कारण पडलेलं स्वप्न ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं. मी तिथे रूलेटचं आकड्यांचं चाक फिरवतो, गोळी ज्या आकड्यावर थांबेल तो जिंकतो, त्यामुळे त्यांची स्वप्नं मला तोंडपाठ आहेत.

आमच्याकडे प्रत्येक स्वप्नाला आकडा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. कुत्रा दिसला तर सहा, कोंबडी पंचवीस, कंगवा सत्तावीस, वेडा बावीस. बाई स्वप्न सांगत, टेबल कान टवकारून ऐके, आणि मग सगळे त्या आकड्यावर लावत. बहुतेकदा आपटत. पण हरलेलं स्वप्न लक्षात कोण ठेवतो? त्या हिवाळ्यात मात्र बाईंना लागायलाच लागलं. कोंबडी आली, कंगवा आला, पुन्हा कोंबडी आली.

मॅनेजर फुलहेन्सियो माद्रिदहून नुकताच आला होता. पहिल्यांदा त्याने बाईंना फुकट कॉफी पाजली. जिंकणाऱ्याला गोड बोलून बसवून ठेवायचं, म्हणजे तो स्वतःच सगळं परत करतो, ही या धंद्यातली जुनी रीत. बाई कॉफी प्यायल्या, त्यांनी बिस्किटं पर्समध्ये टाकली आणि त्या पुन्हा जिंकल्या. मग त्याने चाकातली गोळी बदलली, मला चार दिवस दुसऱ्या टेबलावर हलवलं, चाक तिरकं आहे का म्हणून पाणसळ लावून पाहिली. बाईंचं कानातलं ऐकायचं यंत्र काढून घेतलं, तर त्या संध्याकाळभर आमच्यावर ओरडत राहिल्या आणि ओरडत ओरडत जिंकल्या. त्यांच्या पर्समधल्या विणकामाच्या सुयांना लोहचुंबक लावलं, ते चिकटलं. लोखंडाला चिकटणार नाही तर काय! पण या शहाण्याला वाटलं, चोर सापडला.

शेवटी त्याने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला आत बोलावलं.

"ही टोळी आहे," तो म्हणाला. "बाई म्हणते कोंबडी, आणि सगळे पंचवीसवर लावतात. हा सांकेतिक शब्द आहे. तूही सामील दिसतोस."

मी स्वप्नांचं सगळं समजावलं. त्यावर त्याचं म्हणणं, शहाणी माणसं स्वप्नांवर पैसे लावत नाहीत. मी विचारलं, मग कॅसिनोत येतात ती कोण? हे विचारायला नको होतं. त्याने बाईंना कायमची बंदी घालायचं ठरवलं, तेही भर हॉलमध्ये, टोळीला जरब बसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने रखवालदाराला बाईंच्या खुर्चीमागे उभं केलं आणि बंदी जाहीर केली. रखवालदार पण त्यांच्याच कालवणावर वाढलेला, तो जमिनीकडे बघत राहिला. बाईंचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. पैसे कुठेही हरता येतात, पण ऐकणारे कुठून आणायचे?

"जाते," त्या फुलहेन्सियोला म्हणाल्या. "पण कालचं स्वप्न सांगून जाऊ दे, बाळा. तूच होतास त्यात. चौकातल्या पुतळ्यावर चढून भाषण करत होतास, अंगावर एक सूत नाही."

 खुर्च्या सरकल्या आणि जो तो वेड्याच्या बावीसवर तुटून पडला. पैशांच्या चकत्यांखाली बावीसचं घर दिसेना. रखवालदारानेसुद्धा खिसे चाचपले. मी चाक फिरवलं. गोळी नाचली, बावीसला डोळा मारून पुढे गेली आणि सहावर बसली.

"अगं बाई," एदुविहेसबाई म्हणाल्या, "कुत्रा मागे लागल्यामुळेच तर तो पुतळ्यावर चढला होता. सांगायचंच राहिलं."

लोक कपाळाला हात लावून बसले. मी सगळ्यांच्या चकत्या दांड्याने ओढून घेतल्या. तेवढी कमाई आमच्या कॅसिनोने आजवर एका फेरीत केली नव्हती. फुलहेन्सियो त्या ढिगाकडे बघत राहिला, मग बाईंकडे. त्याने रखवालदाराला हाताने बाजूला केलं.

आता तो रोज दुपारी दारात कॉफी घेऊन उभा असतो आणि बाईंना हात धरून आत आणतो. काल काय पडलं स्वप्न, हे सगळ्यांत आधी तोच विचारतो.

"सांगते," बाई खुर्चीत नीट बसून म्हणतात, "पण शेवटपर्यंत ऐकायचं. कुत्रा नेहमी शेवटी येतो."