जज्जीणबाईंचं सरकार

जज्जीणबाई निकाल दिल्याशिवाय चहाला हात लावत नसत. समोर किटली वाफाळत असायची, बिस्किटं मांडलेली असायची आणि त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसायच्या. "चहा पोटात गेला की माणूस दयाळू होतो," म्हणायच्या. "दया नंतर. आधी दोघांचं ऐकू दे."

आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या त्यांच्या घरात आम्ही तिघं भाडेकरू होतो. नागपूरचा कौस्तुभ कॉम्प्युटरवाला, पुण्याची मेघना शेजारच्या लिमरिक शहरात पुढचं शिक्षण घेणारी आणि मी वाळवा तालुक्यातला, नववीतून शाळा सोडलेला आचारी. जज्जीणबाई हे नाव कौस्तुभने ठेवलं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि दिवसभर खूश राहिल्या. इथे ऐंशीच्या बाईलाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते जमेना, मी 'मॅडम' म्हणायचो. "मॅडम इंग्लंडात असतात," त्या म्हणाल्या. मग मी आजी म्हणू लागलो.

दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये आमचं रेस्टॉरंट बंद झालं. विमानं बंद, काम बंद, आणि माझे हात काही बंद राहीनात. मी सकाळपासून घरात रांधायला लागलो. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा, आणि तेही नेमकं कौस्तुभची मीटिंग चालू असताना. एक दिवस तो हेडफोन गळ्यात घेऊनच खाली आला. "संपतभाऊ, माझा क्लायंट विचारून राहिला, तुमच्याकडे रोज आग लागते का बे? आजी, एक तर हा राहील, नाही तर मी."

खोली गेली तर जायचं कुठे? कौस्तुभ शिकलेला, त्याला दुसरं घर कोणीही देईल. मला कोण देणार? जज्जीणबाईंनी आम्हाला टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं. मी मात्र उभाच राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "माझं चुकलं. कौस्तुभ म्हणेल ते कबूल." मोठ्या माणसापुढे मी लहानपणापासून असाच सुटत आलो होतो. गुरुजींपुढे, पोलीसपाटलापुढे, हॉटेलच्या मालकापुढे.

"आरोप अजून ऐकला नाहीस," त्या म्हणाल्या.

"तरी कबूल, आजी."

"ऐकायच्या आधी कबूल करणारी माणसं राजाला लागतात. आमच्याकडेही एक राजा होता, फार त्रासाने घालवला. बस खाली."

मग दोघांचं ऐकून त्यांनी निकाल दिला. भोंगा चुलीच्या बरोबर वर त्यांच्या दिवंगत नवऱ्याने लावला होता, म्हणून पहिली दोषी मालकीण. भोंगा दुसऱ्या दिवशी बाहेरच्या पॅसेजमध्ये गेला. संपतने मीटिंगच्या वेळी फोडणी द्यायची नाही. आणि कौस्तुभला वास येत असेल तर त्याने ताटही घ्यावं. एवढं सांगून त्यांनी कपात चहा ओतला. "ग्रँड," म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत झकास. कौस्तुभ त्या दुपारी दोनदा आमटी वाढून घेऊन गेला.

हे कोर्ट त्यांच्या घराण्यातलं होतं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या क्लेअर जिल्ह्यातल्या लोकांनी इंग्रजांशी लढता लढताच आपली कोर्टं काढली. त्यांचे आजोबा घोड्यांची खोगिरं शिवायचे, त्यांना न्यायाधीश नेमलं. कोर्ट भरायचं दूध डेअरीत. "सरकारी कोर्टात खुर्च्या होत्या, शिपाई होता, शिक्के होते," बाई रंगून सांगायच्या. "फिर्यादीच येईना. साहेब पेन घेऊन बसलेला. आमच्या लोकांनी गोळ्याही झाडल्या, तेही खरं. पण साहेबाची छाती त्या रिकाम्या बाकांनी जास्त धडधडली असेल."

आजोबांचा पहिला निकाल गेला सख्ख्या मेहुण्याविरुद्ध. त्याने शेजाऱ्याच्या कुरणात कुंपण सरकवलं होतं. मेहुणा वर्षभर घरी आला नाही, पण कुंपण मागे घेतलं. "कुंपण हललं ना, त्या दिवशी आमचं सरकार झालं. डब्लिनला झेंडा चढला तो नंतर."

त्यापुढची गोष्ट त्या भरभर सांगायच्या. इंग्रजांशी तह झाला, अर्ध्यांना पटला, अर्ध्यांना नाही, आणि कालपर्यंत एका खंदकात बसलेले एकमेकांवर उठले. आजोबा आणि त्यांचा भाऊ पुढे आयुष्यभर चर्चमध्ये दोन टोकांना बसले. "हाकलून देणं एक वेळ जमतं रे. दुसऱ्या दिवशी केराचा डबा कोणी बाहेर ठेवायचा, तिथे घरं फुटतात."

एकदा मी सहज बोललो की आमच्याकडेही असंच होतं, पत्री सरकार. माझे आजोबा त्या लोकांना भाकऱ्या पोचवायचे. इंग्रज असतानाच गावोगाव आपले न्यायनिवाडे चालायचे. मला वाटायचं, हे कट्ट्यावरचं बोलणं, इतिहास म्हणजे पुस्तकातला. जज्जीणबाईंनी विणकाम खाली ठेवलं. "सावकाश सांग. पहिल्यापासून." मी मोडक्या इंग्रजीत सांगत गेलो, अडलं तिथे मेघनाने शब्द पुरवले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तुमच्याकडे मेहुण्याने ऐकलं का?"

"ऐकायचा, आजी. न ऐकणाऱ्याच्या तळपायांची काही खैर नसायची."

"हं," त्या म्हणाल्या. "आमचेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते."

एकवीसच्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे जिन्याला कंटाळले आणि मुलगी त्यांना मलिंगारला आपल्या घरी घेऊन जायला आली. मुलीचं म्हणणं, घर एजंटाकडे देऊ, भाडेकरू बदलू. बाईंनी मुलीला सांगितलं, "नाताळपर्यंत यांचं यांना चालवू दे. भांडण तुझ्यापर्यंत आलं, तर तुझा एजंट."

"आजी, नियम तरी लिहून ठेवा," मेघना म्हणाली.

"मी लिहिले तर ते माझे होतील," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आठवड्यातच ठिणगी पडली. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. त्यात मेघनाची खालची फळी कौस्तुभच्या प्रोटीनच्या डब्यांनी आणि सॉसच्या बाटल्यांनी भरून टाकलेली. मेघना म्हणाली, "मी त्यांच्या मुलीलाच फोन करते." मी घाईघाईने मलिंगारला फोन लावला.

"आजी, तुम्हीच काय ते सांगा."

"मी आता परकी सत्ता," त्या म्हणाल्या. "परक्यांना विचारून राज्य करतात का? ठेवते." आणि खरंच ठेवला.

मग आम्ही आमच्यात न्यायाधीश निवडायचं ठरवलं. दोन मतं मला पडली. मी कौस्तुभला विचारलं, मलाच का? "तू कोणाची बाजू नाही घेत, भाऊ. तू आम्हा दोघांनाही सारखाच भितो." मी किटली ठेवली, हात मांडीवर ठेवले आणि दोघांचं ऐकलं. निकाल कौस्तुभविरुद्ध गेला. दोन दिवस तो बाहेरून पिझ्झा मागवून जेवला. पण डबे आणि बाटल्या त्याच संध्याकाळी वरच्या फळीवर गेल्या. मलिंगारला फोन गेला नाही, आणि एजंटही आला नाही.

नाताळच्या आधी बाई एकदा आल्या, मुलीबरोबर. ती आमची शेवटची भेट ठरली. मी वरच्या खिडकीतून गाडी पाहिली. घराची चावी त्यांच्या पर्समध्ये कायम असायची, म्हणून मी खाली गेलोच नाही, येतील म्हटलं. बेल वाजली. खाली येऊन दार उघडलं तर त्या पायपुसण्यावर उभ्या, पावसाचे थेंब टोपीवर, चावी हातात तशीच. मुलगी मागून म्हणत होती, "अगं, घर तुझंच आहे, चल ना आत."

त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "आत यायचं होतं," मला म्हणाल्या. "इथे परवानगी कोणाकडे मागायची?"

या देशात आल्यापासून मीच सगळ्यांकडे परवानगी मागत आलो होतो.

"माझ्याकडे, आजी," मी म्हणालो.

"मग?" त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबल्या.